फिल्टर घ्या, कॉर्कचं पॅकिंग खोक्यातच राहू द्या

आधी निकाल सांगून टाकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या या फिल्टर किटला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. फिल्टर चांगला आहे, त्याचं सील ठीक आहे, कॉर्कचं पॅकिंग मात्र गाडीला लावायच्या लायकीचं नाही. सूचनांच्या कागदाला गुणच नाहीत. किट दोन हजारांच्या आत मिळाला म्हणून साडेतीन. तीन हजार मोजले असते तर अडीचवर थांबले असते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. फोटो नीट बघितले तर हाच माल दोन-तीन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांतून विकला जातोय असं दिसतं, मग एकट्याचंच नाव कशाला घ्या. खोक्यात चार वस्तू येतात: पत्र्याच्या अंगाचा फिल्टर, त्याच्या तोंडाचं काळं रबरी सील, चेंबरचं (गिअरबॉक्सच्या तळाशी बोल्टने बसवलेल्या तेलाच्या पत्र्याच्या तसराळ्याचं) तपकिरी कॉर्क पॅकिंग आणि ड्रेन प्लगचा वॉशर. तेल येत नाही. काही जाहिरातींत शेजारी लाल तेलाचा कॅन दाखवतात, तो फक्त फोटोपुरता.

मी गॅरेजवाली नाही. बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिक पॉवर पॅक (यंत्रांना दाबाखाली तेल पुरवणारे संच) जोडण्याच्या आणि टेस्टिंगच्या कामावर आहे. पंप, व्हॉल्व्ह, सील, स्ट्रेनर हे रोज हाताखालून जातात. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे आतून आमच्याच जातीचं यंत्र. तळाच्या चेंबरमधून पंप तेल ओढतो, व्हॉल्व्ह बॉडी ते वाटून देते आणि तेलाच्या दाबाने क्लच पकडले-सोडले जातात. म्हणून या किटकडे मी गाडीचा पार्ट म्हणून कमी आणि सक्शन लाइनचा, म्हणजे पंप तेल ओढतो त्या बाजूचा, पार्ट म्हणून जास्त बघितलं.

गाडी २००९ ची कोरोला आल्टिस, चार गिअरची ऑटोमॅटिक. सासऱ्यांची, आता माझ्याकडे आहे. मागच्या काचेवर टोयोटाच्या जोडीने किर्लोस्कर हे नाव आहे, आणि सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवायचे, कारण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान आमच्याच गावात, १८८८ सालचं. त्या नावाचा रस्ताही गावात आहे. गाडी बनली बेंगळुरूजवळ बिडदीला, पण सासऱ्यांच्या हिशेबात ती बेळगावचीच.

या गाडीला चोर्ल्याचा चढ कळतो. गोव्याहून परतताना साखळी, केरी सोडलं की घाट सुरू होतो आणि समुद्रसपाटीजवळून आपण साडेसातशे मीटरच्या वर येतो. सावकाश चढताना कन्व्हर्टर लॉक होत नाही (इंजिनशी थेट जोडला जात नाही), आतल्या आत तेल घुसळत राहतं आणि तापतं. कणकुंबीला पोचल्यावर दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना हलका हिसका बसायचा. सकाळी गाडी थंड असतानाही डी मध्ये टाकल्यावर क्षणभर थांबून मग पकडायची. डिपस्टिक काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकला तर तो चहाच्या रंगाचा. जळका वास नव्हता. वास असता तर हे काम मी घरी करायला घेतलंच नसतं.

एका सर्व्हिस सेंटरला विचारलं. सल्लागार म्हणाले, "मॅडम, याचं तेल बदलायचं नसतं, ते आयुष्यभराचं असतं." मी म्हटलं, आमच्या टेस्ट बेंचवरचं तेलसुद्धा तापून तापून उतरतं, आणि ते तर सावलीत असतं. ते हसले आणि पुढच्या गाडीकडे गेले. दुसऱ्या एका ठिकाणी मशीनने फ्लश करून देतो म्हणाले. त्यात फिल्टर बदलणार का, असं विचारल्यावर उत्तर आलं, "फ्लशमध्ये सगळं येतंय की." येत नाही. फ्लशचं मशीन कूलरच्या पाइपांना जोडतात, चेंबर उघडतच नाहीत. त्यामुळे फिल्टर आणि तळाचे चुंबक आहेत तसेच राहतात.

किट मागवण्याआधी आपल्या गाडीत नेमका कोणता गिअरबॉक्स आहे ते बघा. ही गोष्ट त्या विक्रेत्याच्या पानावर कुठेच लिहिलेली नाही. रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना दोनच पेडल दिसली की गाडी ऑटोमॅटिक. पण मारुतीने २०१४ मध्ये सेलेरिओपासून आणलेला एएमटी हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यात गिअर ऑइल असतं, असा फिल्टर नसतोच. सीव्हीटी म्हणजे गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, तिला तिचं स्वतःचं तेल लागतं, त्यात हे लाल तेल ओतलं तर पट्टा घसरून मोठा खर्च. डबल क्लचचे गिअरबॉक्स पुन्हा वेगळे. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकला तर खालून उघडायला चेंबरच नसतं, तिथे गाडीखाली झोपून काही हाती लागणार नाही. टॉर्क कन्व्हर्टर आहे, खाली बोल्टने बसवलेलं चेंबर आहे आणि जमलं तर डिपस्टिक आहे, अशाच गाडीसाठी हा किट. आमच्या गाडीला तिन्ही आहेत आणि डिपस्टिकवरच तेलाचा ग्रेड छापलेला आहे, डब्ल्यूएस.

आता फिल्टर. हाच या खरेदीतला खरा माल.

खोकं कुरिअरमध्ये एका कोपऱ्याला चेपलं होतं, पण फिल्टर वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद होता आणि तोंडावर टोपी होती. ही टोपी मला सगळ्यात आवडली. सक्शनच्या वस्तूचं तोंड उघडं ठेवून पाठवणारे खूप बघितलेत. पत्र्याच्या दोन अर्ध्यांची घडी सगळीकडे सारखी दाबलेली होती, बोट फिरवून बघितलं तर कुठे धार लागली नाही. कानाजवळ हलवला, आत काही खुळखुळलं नाही. तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून ठेवला. नंतर जुना काढल्यावर त्याचाही मोजला, फरक नावापुरता. आतलं माध्यम फेल्टचं आहे, तोंडातून टॉर्च मारून जेवढं दिसलं तेवढं एकसारखं होतं, कडेला सुटलेलं नव्हतं.

ऑनलाइन काही जण विचारतात, याचा फिल्टर ओरिजिनलपेक्षा बारीक आहे का? बारीक असला म्हणजे चांगला, असा त्यांचा समज. सक्शनला हे उलटं आहे. आमच्या पॉवर पॅकच्या टाकीत पंपाच्या आधी साधारण १४९ मायक्रॉनची जाळी बसवतात आणि परतीच्या लाइनला १० किंवा २५ मायक्रॉनचा फिल्टर (आकडा लहान तितकी गाळणी बारीक). का? कारण पंपाला तेल ढकलणं सोपं, ओढणं अवघड. ओढायच्या बाजूला फार बारीक गाळणी लावली तर थंडीत जाड झालेलं तेल वेळेवर पोचत नाही, पंप उपाशी राहतो आणि किंचाळतो. गिअरबॉक्सचा हा फिल्टरही सक्शनलाच असतो. तेव्हा मूळ फिल्टरसारखाच हवा, त्याहून हुशार नको. हा तसा आहे.

याच कारणाने ते छोटं काळं सील सगळ्यात महत्त्वाचं. चेंबरचं पॅकिंग गळलं तर फरशीवर डाग दिसतो, निदान कळतं तरी. फिल्टरच्या तोंडाचं सील नीट बसलं नाही तर बाहेर एक थेंब पडत नाही. पंप तेलाबरोबर हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो, आणि गाडी डी मध्ये टाकल्यावर उशिरा पकडते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी काम काढलं तीच तक्रार नव्या फिल्टरसकट परत. किटमधलं सील लवचिक होतं, मोल्डिंगची रेघ बारीक होती, नखाने दाबल्यावर खूण राहिली नाही. जुनं सील बाहेर येऊन लाकडासारखं कडक झालेलं निघालं. नवं लावताना त्याला कोरडं बसवू नका, त्याच नव्या तेलाचं बोट फिरवा. आणि जुनं सील वर खाचेतच चिकटून राहिलं नाही ना, ते बघा. दोन सिलं एकावर एक बसवून "फिल्टर बसतच नाही" म्हणणारी माणसं मी आमच्या कामातही बघितलीत.

कॉर्कच्या पॅकिंगवर आता जरा रागावते. पिशवीतून काढलं तेव्हाच एका भोकाशी चीर होती. विक्रेत्याला फोटो पाठवला. माणूस सभ्य, उत्तर त्याच दिवशी आलं, आणि आठवड्याभरात दुसरं पॅकिंग आलं. तेही कॉर्कचंच, तेवढंच कोरडं. चीर नव्हती इतकाच फरक.

मुद्दा चिरेचा नाहीच. कॉर्क दाबला की दबतच जातो. तुम्ही बोल्ट आवळता, तो थोडा बसतो, गाडी दोनदा तापते-निवते, कॉर्क आणखी बसतो, बोल्ट सैल वाटतात, तेल पाझरतं. मग माणूस पुन्हा आवळतो. चेंबरच्या पत्र्याची कड भोकाभोवती आत वाकते, दोन भोकांच्या मधे फट पडते, गळती वाढते. मग तिसऱ्यांदा आवळतो आणि गिअरबॉक्सच्या अल्युमिनियमच्या अंगातले आटे जातात. दोनशे रुपयांच्या पॅकिंगसाठी हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची नवी आटी) घालत बसायची वेळ. रबराचं पॅकिंग, त्यातही भोकांत स्टीलचे छोटे डोळे असलेलं, ठराविक जाडीच्या खाली दबत नाही, कारण बोल्टचा जोर डोळ्यावर येतो. मी अधिकृत पार्टच्या काउंटरवरून चासी नंबर देऊन मूळ पॅकिंग वेगळं मागवलं. त्याची किंमत धरली तरी सगळं मिळून परवडलं, पण मग किटवाल्याने मला अर्धाच किट विकला असं म्हणायला हरकत नाही.

सूचनांच्या कागदावर चित्र कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं आहे. बोल्ट "हाताने घट्ट" आवळा म्हणतो. कुणाच्या हाताने? आमच्या फिटरच्या हाताने घट्ट म्हणजे माझ्या दोन्ही हातांनी सुटत नाही. आणि खाली ओळ: कोणतंही एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) चालेल. ही ओळ लिहिणाऱ्याला एकदा आमच्या बेंचवर बोलवायला हवं.

तेलाबद्दल गावातल्या एका दुकानातही हेच ऐकलं. "अक्का, लाल तेल म्हणजे लाल तेल. हे घ्या, निम्म्या किमतीत." डब्यावर डेक्स्रॉन होतं, म्हणजे दुसऱ्याच ग्रेडचं तेल. रंग हा रंग असतो, गळती ओळखता यावी म्हणून घातलेला. आत चिकटपणा वेगळा, क्लचच्या घर्षणाचा हिशेब वेगळा. टोयोटाचंच बघा, आधीच्या गाड्यांना टी-फोर आणि नंतरच्यांना डब्ल्यूएस. दोन्ही लाल, पण एकाच्या जागी दुसरं घालायचं नाही, डब्ल्यूएस त्यापेक्षा पातळ आहे. या कामात पैसे वाचवायचे असतील तर मजुरीत वाचतात, तेलात वाचवू नका.

काम रविवारी अंगणात केलं. आमचं अंगण शहाबादी फरशीचं आणि सपाट आहे, त्यामुळे निभावलं. गाडी जॅकवर उचलून चार लोखंडी घोड्यांवर ठेवली, कामावरून आणलेल्या. विटा, दगड, लाकडाचे ठोकळे याच्यावर गाडी ठेवून खाली झोपू नका. एवढंच मी ओरडून सांगेन, बाकी सगळं हळू आवाजात. हाताला दीराचा मुलगा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकलला. सासूबाई ओसरीवर बसून लक्ष ठेवून होत्या. मधेच त्यांनी शेजारणीला सांगितलेलं ऐकू आलं, "सून गाडीचं पोट फाडालीय."

आधी थोडी फिरवून गाडी कोमट केली, कडक गरम नाही. ड्रेन प्लगमधून तेल मोजमापाच्या कॅनमध्ये घेतलं. कॅनवर खुणा हव्यात, कारण जेवढं निघालं तेवढंच परत घालायचं आहे. चेंबरचे बोल्ट दहा नंबरचे. सगळे एकदम काढायचे नाहीत. एका बाजूचे सैल करत जायचं, दुसऱ्या कोपऱ्याचे दोन शेवटपर्यंत धरून ठेवायचे, म्हणजे चेंबर तिरकं होऊन उरलेलं तेल कडेने ट्रेमध्ये येतं. चिकटलं असेल तर रबरी हातोड्याने कडेला टकटक करा, फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. अल्युमिनियमच्या तोंडावर एक ओरखडा पडला की नवं पॅकिंगही तिथून गळणार. आणि फिल्टर सोडताना तोंड बाजूला ठेवा, वर अडकलेलं तेल एकदम खाली येतं. पुतण्याला हे सांगितलं होतं, तरी त्याच्या शर्टाची एक बाही लाल-तपकिरी झालीच.

चेंबरच्या तळाच्या चुंबकांवर करडा लेप जमला होता, काजळासारखा मऊ. पोराचा चेहरा पडला.

"काकू, गेला गिअरबॉक्स?"

"बोटात घेऊन चोळून बघ. टोचतंय काय?"

"नाही."

"मग जिवंत आहे."

लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत हा लेप असणारच, क्लचच्या आणि गिअरच्या रोजच्या झिजेचा. काळजी करायची ती चमकणाऱ्या कपच्या दिसल्या, पितळी तुकडे दिसले किंवा काळे जळके पापुद्रे तरंगत असले तर. तेल गुलाबी दुधाळ दिसलं तर ते आणखी वाईट, रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळलंय असं समजा. तसं काही दिसलं तर फिल्टर बदलून उपयोग नाही, झाकण लावून जाणकाराकडे न्या.

स्वच्छता. चेंबर आणि चुंबक रॉकेलने धुतले, वाळवले. पुसायला कॉटन वेस्ट घेऊ नका. आमच्याकडे असेंब्लीच्या खोलीत कॉटन वेस्ट आणायलाच बंदी आहे, कारण तिचा एक धागा व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आत मागे-पुढे सरकणाऱ्या दांड्यात) अडकला की स्पूल अर्ध्यात थांबतो. गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीतही तसेच स्पूल असतात. धागे न सुटणारं कापड वापरा, नाहीतर नुसती हवा मारा. चुंबक परत जागेवर ठेवायला विसरू नका, ते धुतलेल्या ट्रेमध्ये चिकटून राहतात आणि ट्रे निघून जातो.

बोल्ट आवळायचा टॉर्क (पिळायचा जोर) बहुधा एक आकडी न्यूटन-मीटरचा असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. चाकांच्या नटांसाठी लोक जो मोठा टॉर्क रेंच घेतात त्याची सुरुवातच बहुधा २८ किंवा ४० पासून होते, तो इथे घातक आहे. पाव इंची ड्राइव्हचा छोटा लागतो. मी कामावरचा कॅलिब्रेट केलेला आणला होता. तो मिळणार नसेल तर या किटपेक्षा आधी त्याच्यावर पैसे घाला. आवळायचं समोरासमोरच्या क्रमाने, दोन फेऱ्यांत. नव्या पॅकिंगला शेलॅक, सिलिकॉन काही लावलं नाही. वळलेला सिलिकॉनचा दोरा आत पडला तर तो नव्या फिल्टरच्या तोंडावर जाऊन बसतो.

तेल भरताना डिपस्टिकच्या नळीतून लांब, बारीक नाळीचं नरसाळं लागतं. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू, पण किटमध्ये असती तर त्या निरुपयोगी वॉशरपेक्षा जास्त कामाला आली असती. वॉशर आमच्या प्लगला बसतच नव्हता, तोही मूळचाच घेतला. मोजून तेवढंच तेल घातलं, गाडी खाली उतरवली, इंजिन चालू केलं आणि ब्रेक दाबून पी पासून एल पर्यंत प्रत्येक खाचेत थोडं थांबत गिअर फिरवून परत पी वर आणला. मग किणयेपर्यंत एक फेरी. तेल ७० ते ८० अंशांपर्यंत तापल्यावर, इंजिन चालू ठेवून, सपाट जागी डिपस्टिकच्या हॉट खुणेत पातळी बघायची. थंड तेलावर भरून मोकळं व्हायचं नाही. जास्त तेलही वाईट, फिरते भाग त्यात बुडून फेस करतात.

काढलेला जुना फिल्टर हॅकसॉने कापून बघितला. आत काय निघालं? फेल्टवर पातळ काळपट थर, बस. तुंबलेला नव्हता. म्हणजे गाडीत जो फरक पडला तो नव्वद टक्के तेलाचा. मग फिल्टर बदलायचा कशाला? कारण चेंबर उघडलंच आहे, आणि ते कडक झालेलं सील तसंच परत बसवणं मला जमलं नसतं. नुसतं फिल्टरसाठी चेंबर उघडायची घाई मात्र नको. गिअरबॉक्सला काही तक्रार नसेल तर ड्रेन प्लगमधून तेल काढून नवं भरणं हेच बहुतेकांना पुरेसं आहे.

त्यातही एकदा काढल्यावर सगळं तेल बाहेर येत नाही. निम्म्याहून जास्त कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत अडून राहतं. काही आठवडे गाडी चालवून मी परत एकदा नुसता ड्रेन प्लग उघडून तेल बदललं. दुसऱ्या वेळचं तेल बरंच लाल होतं. वापरलेलं तेल कामावरच्या ड्रममध्ये दिलं, ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवान्याच्या रीसायकलरकडे जातं. घरामागच्या गटारीत ओतू नका, गावात तेल घेणारे आहेत, गॅरेजला विचारा.

फरक सांगते. सकाळचा तो क्षणभराचा थांबा गेला. दुसऱ्यावरून तिसऱ्याचा हिसका शहरात जवळजवळ जाणवत नाही. चोर्ल्याच्या वळणांवर गाडी अजून दुसरा-तिसरा करत बसते, पण तो चार गिअरच्या डब्याचा स्वभाव आहे. तेलाने पाचवा गिअर येत नाही. किटच्या पानावर "मायलेज वाढेल" असं लिहिलंय, ते मला दिसलेलं नाही. पावसाळा जाऊन आला, खाली वर्तमानपत्र पसरून बघते, डाग नाही. याचं श्रेय त्या वेगळ्या घेतलेल्या पॅकिंगचं.

विक्रेत्याला एकच सांगणं: कॉर्क काढा, रबराचं घाला, किंमत तीनशे वाढवा, मी पाचवा तारा नाही तर निदान चौथा तरी पूर्ण देईन. घेणाऱ्यांना सांगणं: चासी नंबरवरून पार्ट नंबर ताडून बघितल्याशिवाय मागवू नका, फोटोवर जाऊ नका.

शेजारच्या अण्णांनी कौतुकाने त्यांच्या इनोव्हा क्रिस्टाचंही काम करून दे म्हटलं. ती ऑटोमॅटिक आहे, पण तिला डिपस्टिक नाही. तिची पातळी खालच्या प्लगमधून, तेल ठराविक तापमानाला असताना, गाडी चारही बाजूंनी समतल उचलून बघावी लागते. त्यासाठी लिफ्ट हवी आणि तापमान वाचायला स्कॅनर हवा. आमच्या अंगणात ते होणार नाही. त्यांना लिफ्ट असलेल्या गॅरेजात जायला सांगितलं, आणि जाताना पॅकिंग मूळचंच घेऊन जा म्हटलं. किटची लिंक त्यांनी मागितली होती, ती दिली नाही, क्रिस्टाला हा बसत नाही.